चाळीस रुपयांचे पाणी आणि परदेशातली पदवी

गेल्या रमजानमध्ये महाडकडच्या एका नातेवाइकाचा फोन आला. ते वीस वर्षे कुवेतला होते, आता गावी असतात. मुलीने पदवी घेतली आहे आणि आता तिला पुढे शिकायचे आहे. विषय आहे आंतरराष्ट्रीय आणि शाश्वत विकासाचे धोरण. आधी इथल्या एखाद्या संस्थेत प्रयत्न करायचा, जमले तर बाहेरच्या विद्यापीठात, असे तिच्या मनात आहे. बापाचा प्रश्न सरळ होता. "भाई, डॉक्टर झाली तर दवाखाना टाकेल, बी.एड. केलं तर शाळेत लागेल. हे विकासाचं धोरण शिकून पोरगी करणार काय? आणि आपल्या महाडात त्याचा उपयोग काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी फोनवर कसेबसे दिले. दुसरा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. या विषयाच्या अभ्यासाचा उपयोग काय, हे विचारण्यासाठी महाडइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. परदेशात अर्थशास्त्र आणि सार्वजनिक वित्त शिकून आलेल्या एका माणसाने आपल्या शिक्षणाची खरी परीक्षा याच गावात दिली होती, आणि तीही पाण्याच्या प्रश्नावर. त्या इतिहासात आपल्या लोकांचा वाटा आहे. तो अभिमानाचा आहे आणि थोडा शरमेचाही. दोन्ही सांगायला हवेत.

साडेअकरा पौंडांचा विद्यार्थी

१९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. 'विकास धोरण' नावाचा विषय त्या काळी कुठल्याच विद्यापीठात नव्हता. पण आज त्या नावाखाली जे शिकवतात, त्यातले बरेचसे आंबेडकरांनी तेव्हाच शिकून घेतले. सरकारचा पैसा कुठून येतो आणि कुणावर खर्च होतो हे ते एडविन सेलिग्मन यांच्याकडे शिकले, लोकशाही आणि शिक्षण यांचा संबंध जॉन ड्यूई यांच्याकडे. जोडीला समाजशास्त्र, इतिहास आणि मानववंशशास्त्र होतेच. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातल्या जातींविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध एका चर्चासत्रात वाचला.

त्याच वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही त्यांना हुसकावून लावले गेले. कोलंबियाची पदवी हातात होती, पण बडोदे शहरात त्यांना एक खोली मिळाली नाही. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनीही केली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. झाले. कोलंबियाचा प्रबंध 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती' या विषयावर होता. तो १९२५ मध्ये छापला गेला आणि पीएच.डी. अधिकृतपणे मिळाली ती १९२७ मध्ये. महाडच्या चवदार तळ्याचे वर्षही तेच.

हा योगायोगच आहे. पण प्रांतिक वित्त म्हणजे तरी काय? कर कोण भरतो, खर्चाचा निर्णय कोण घेतो आणि सोय कुणाच्या वाट्याला येते, याचा हिशेब. चवदार तळ्यावर नेमका हाच हिशेब मांडला गेला.

ठराव होता, पाणी नव्हते

धोरणाच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवतात. कायदा किंवा ठराव होणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी होणे वेगळे. महाडची कथा या धड्याचे जिवंत उदाहरण आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारी संस्था चालवत असलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे नगरपालिकेचे पुढारी या कामात पुढे होते. कागदावर काम पूर्ण झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या पाण्याला हात लावला नाही, कारण लावला तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या तयारीत रामचंद्र बाबाजी मोरे यांचा मोठा वाटा होता. मोरे याच तालुक्यातले. अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा लहान वयात त्याविरुद्ध आवाज उठवून त्यांनी प्रवेश मिळवला होता. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. त्यांच्याही आधीच्या पिढीत गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतून निवृत्त झालेले लेखक आणि सुधारक याच भागातले. म्हणजे १९२७ चा सत्याग्रह बाहेरून आलेल्या एका विद्वानाने उभा केला नाही. जमीन आधीपासून नांगरलेली होती.

या परिषदेतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. जमलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी हवे होते. शेजारी भरलेले तळे होते आणि कायद्याने ते त्यांचेही होते. तरी आयोजकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या काळात चाळीस रुपये ही कष्टकऱ्याच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईइतकी रक्कम. सार्वजनिक सोय ज्याला नाकारली जाते त्याला तीच सोय पैसे मोजून घ्यावी लागते, आणि तो बहुधा सगळ्यात गरीब असतो. आजही टँकरच्या रांगेत हे दिसते.

२० मार्चला सगळे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. थोड्या वेळाने विरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला. जेवत असलेल्या माणसांना मारहाण झाली. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

फत्तेखान आणि बाकीचे आपण

हल्ल्याच्या दिवशी जीव वाचवायला पळालेल्या अनेकांनी महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. आंबेडकरांच्या चरित्रकारांनी हे नोंदवले आहे. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद, म्हणजे प्रत्यक्ष सत्याग्रह परिषद भरायची होती. मंडपासाठी कुणी हिंदू जमीनमालक जागा द्यायला तयार नव्हता. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्याच जागेवरच्या परिषदेत, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडलेल्या ठरावानुसार, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. आंबेडकर आणि त्यांचे साथीदार मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरून महाडला आले, कारण वाटेत अडथळे येण्याची भीती होती. दासगाव हे सावित्रीकाठचे बंदर. आपल्या वाचकांपैकी कित्येकांची पाळेमुळे त्याच काठावरच्या गावांत आहेत.

फत्तेखानांचे नाव आपण आपल्या कार्यक्रमांतून अभिमानाने घेतो, घ्यावेच. पण इतिहास लिहायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. चवदार तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. ख्रिस्त्यांनाही नव्हता. अस्पृश्य माणसाने धर्म बदलला की तेच पाणी त्याला चालत होते, आणि आंबेडकरांनी हा विरोधाभास वारंवार दाखवला. म्हणजे आपले आजे-पणजे पिढ्यानपिढ्या त्या पाण्याजवळ जात होते आणि शेजारचा माणूस तहानलेला उभा आहे हे त्यांना दिसत होते. एका फत्तेखानाने जमीन दिली. त्याआधीच्या शंभर वर्षांत आपल्यातल्या किती जणांनी एक घागर भरून दिली?

महाडपुरतेच हे नाही. १९३४ मध्ये आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. वाटेतल्या टाक्यावर त्यांच्या लोकांनी हातपाय धुतले, तेव्हा टाके बाटवले म्हणून तिथल्या मुसलमानांनीच गोंधळ घातला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. जो हिंदूंना अस्पृश्य तो मुसलमानांनाही अस्पृश्य असतो, असा त्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. आपल्याला तो वाचताना त्रास होतो, आणि व्हायलाच हवा. कारण आपल्या दीनमध्ये पाण्याविषयी सांगितलेले याच्या बरोबर उलट आहे. पाणी, चारा आणि अग्नी यांत सगळ्यांचा वाटा आहे, ही हदीस आपण लहानपणी ऐकलेली असते. मदिनेत बीर रूमा नावाच्या विहिरीचा मालक पाणी विकत असे. हजरत उस्मान यांनी ती विहीर विकत घेऊन सगळ्यांसाठी वक्फ केली, ही कथाही आपल्या मौलवी साहेबांकडून आपण ऐकलेली असते. महाडात चाळीस रुपये देऊन पाणी घेतले जात होते, तेव्हा ही कथा जुम्म्याच्या खुतब्यात कुणाला आठवली असेल काय?

दहा वर्षांचा दावा

डिसेंबरच्या परिषदेआधी काही जणांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे सार्वजनिक नसून खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न जाण्याचा रिवाज अनादी काळापासूनचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. आंबेडकरांनी हुकूम मोडायचा नाही असे ठरवले आणि सत्याग्रह तहकूब केला. लोक चिडलेले होते. हजारो माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. पण बॅरिस्टर झालेला हा माणूस जाणून होता की सरकारशी एकाच वेळी भांडण काढले तर दावा हातचा जाईल.

निकाल लागायला दहा वर्षे लागली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की असा अनादी रिवाज सिद्ध झालेला नाही. तळे खुले झाले. १९२३ चा ठराव, १९२४ चा नगरपालिकेचा ठराव, १९२७ चा सत्याग्रह आणि १९३७ चा निकाल. एक ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी चौदा वर्षे गेली. या चौदा वर्षांत भाषणे लागली तशीच कागदपत्रेही लागली. नगरपालिकेने तळ्यावर किती पैसा खर्च केला, जमीन कुणाच्या नावावर आहे, पूर्वी तिथे पाणी कोण भरत होते, याचे पुरावे लागले. भाषण करणारे आपल्यात तेव्हाही होते, आजही आहेत. कागद वाचणारे कमी आहेत.

छोटी शेते आणि मोठा उपाय

आंबेडकरांचा आणखी एक अभ्यास महाड-पोलादपूरच्या माणसाने वाचावा असा आहे. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर आणि त्यावरच्या उपायांवर एक लेख लिहिला. तेव्हाचे अर्थतज्ज्ञ म्हणत होते की तुकडे एकत्र करा, शेती सुधारेल. आंबेडकरांचे म्हणणे निराळे होते. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर किती भांडवल आणि किती माणसे लागलेली आहेत यावर ठरते. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकलेली आहेत, त्यांना दुसरे काम मिळाले पाहिजे. त्यांचा उपाय होता उद्योगीकरण.

कोकणातल्या खोती गावांकडे पाहिले की हे लगेच पटते. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, खाली थोडे भात, त्यातला मोठा हिस्सा खोताला. खोत हिंदू होते तसे काही ठिकाणी मुसलमानही होते. कुळाचा मुलगा मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत जायचा. आपला मुलगा जहाजावर खलाशी व्हायचा, काही जण पार केपटाउनपर्यंत गेले, १९७० नंतर आखातात. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती गेली ती मात्र स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेसारख्या पाण्याच्या मोठ्या कामांचा पाया घातला. पुराचे पाणी संकट न मानता साधन मानावे, ही त्यामागची दृष्टी होती.

मग उद्योग आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाडजवळ बिरवाडीच्या बाजूला औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, औषधांचा कच्चा माल, रंगद्रव्ये यांचे कारखाने आले. महामार्ग होताच, पुढे कोकण रेल्वेचे वीर स्थानक झाले. १९१८ च्या लेखातला उपाय एका अर्थाने चवदार तळ्यापासून काही मैलांवर येऊन उभा राहिला. शेतावर अडकलेल्या काही हातांना काम मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. एमआयडीसी नसती तर आणखी कितीतरी घरे मुंबईला किंवा मस्कतला गेली असती.

पण त्या लेखाच्या काळात न विचारला गेलेला एक प्रश्न आता समोर आला. कारखान्याचे सांडपाणी कुठे जाते? महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड असे करत बाणकोटच्या खाडीला मिळणारी सावित्री, आणि तिला मिळणारी काळ नदी, याच पाण्यावर गावे जगत आली. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, पाइपलाइन आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. तरी मासे मेल्याच्या, पाण्याला रंग आणि वास आल्याच्या तक्रारी खाडीकाठच्या लोकांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत. त्या करणाऱ्यांत भोई आहेत, कोळी आहेत, आपलेही लोक आहेत. १९२७ मध्ये प्रश्न होता पाण्याला कोण शिवू शकतो. आता त्याच तालुक्यात प्रश्न आहे पाणी शिवण्याजोगे राहिले आहे का.

'शाश्वत' म्हणजे काय

शाश्वत विकास हा शब्द जगभर पसरला तो १९८७ च्या ब्रुंटलांड आयोगाच्या अहवालाने. आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा भागवाव्यात की पुढच्या पिढीला तिच्या गरजा भागवता येतील, हे त्याचे सार. त्याआधी १९७२ ची स्टॉकहोम परिषद झाली होती, नंतर १९९२ ची रिओ परिषद झाली आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सतरा उद्दिष्टे ठरवली. हे सगळे परदेशी वाटते. पण महाड-पोलादपूरच्या गेल्या काही वर्षांच्या तारखा शेजारी ठेवून पाहा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बसही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुरा भागातली तारिक गार्डन ही इमारत कोसळली, सोळा जण गेले. त्यांत बहुतेक आपले लोक होते. २२ जुलै २०२१ रोजी तळियेची दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच दिवसांत पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडी आल्या आणि महाड शहर पुरात बुडाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन अकरा कामगार मेले.

प्रत्येक वेळी आपण हळहळलो, मदत गोळा केली, जनाजे उचलले. तारिक गार्डनच्या ढिगाऱ्यावर आणि पुरानंतरच्या चिखलात सगळ्या जातीधर्मांची पोरे एकत्र राबली, हे खरे आहे आणि मोलाचे आहे. पण पूल कुणी तपासायचा, इमारतीला परवाना कुणी दिला, दरडीच्या जागा नकाशावर आहेत की नाहीत, कारखान्याच्या सुरक्षेची पाहणी कधी झाली, हे विचारणारे हात कमी पडले. हे प्रश्न म्हणजेच ते 'धोरण', जे ती मुलगी शिकू पाहते आहे.

एक साधे उदाहरण देतो. पर्यावरणावरच्या परिणामांच्या तपासणीची केंद्र सरकारची २००६ ची अधिसूचना आहे. मोठ्या प्रकल्पाआधी स्थानिक लोकांची जनसुनावणी घ्यावी, असे ती सांगते. पण तिच्या मूळ मजकुरात मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना या सुनावणीतून सूट दिलेली होती. म्हणजे एमआयडीसीच्या कुंपणाशेजारी राहणाऱ्याला आपले म्हणणे मांडायची जागाच राहत नव्हती. २०२० मध्ये या अधिसूचनेचा नवा मसुदा आला तो इंग्रजी-हिंदीत. तो इतर भाषांतही द्यावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. बिरवाडीचा शेतकरी किंवा आंबेतचा मच्छीमार ही कलमे वाचणार नाही. ती वाचून त्याला मराठीत समजावणारे कुणीतरी हवे, आणि ते कुणीतरी त्याच गावातले असेल तर अधिक चांगले.

आपले विद्यार्थी कुठे आहेत

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवले होते की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत, तर एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होते. त्याच वर्षी केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय स्थापन झाले. त्याचे पहिले मंत्री बॅरिस्टर ए. आर. अंतुले होते, याच सावित्रीच्या काठावरच्या आंबेतचे. मुख्यमंत्री असताना निराधारांसाठी संजय गांधी योजना त्यांनी आणली. लंडनला बॅरिस्टर होऊन आलेला हा दुसरा माणूस, ज्याच्या शिक्षणाचा उपयोग खालच्या माणसापर्यंत पोहोचला. त्यांच्या राजकारणावर टीका करायला जागा आहे, पण हे श्रेय त्यांचे त्यांना द्यावे लागते. २००९ मध्ये संशोधक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद फेलोशिप सुरू झाली. नंतर परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी 'पढो परदेश' योजना आली. २०२२-२३ पासून दोन्ही बंद झाल्या. इतर योजनांशी सरमिसळ होते, असे कारण फेलोशिपच्या बाबतीत सांगितले गेले. जी मुले मध्येच अडकली त्यांना या कारणाने काय दिलासा मिळाला असेल?

सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण नुसत्या सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. सयाजीराव, शाहू महाराज आणि नवल भथेना या तिघांपैकी आंबेडकरांच्या जातीचे कुणी नव्हते. एका हुशार मुलाला पैसे दिले, म्हणून पुढे एका देशाला राज्यघटना लिहिणारा मिळाला. आपल्या जमातींकडे आखातातून आलेला पैसा आहे. मशिदीला संगमरवर लागतो, लग्नाचे हॉल होतात. गावातल्या एका मुलीच्या दोन वर्षांच्या फीसाठी मात्र बैठक बोलवावी लागते आणि बैठकीत कुणीतरी विचारतो, हे शिकून ती करणार काय?

असे शिकलेले आपल्यात झालेच नाहीत असे नाही. आंबेडकर लंडनहून परतले त्याच काळात डॉ. झाकिर हुसेन बर्लिनला अर्थशास्त्रात डॉक्टरेट करत होते. १९२६ मध्ये परत येऊन त्यांनी डबघाईला आलेली जामिया मिल्लिया हाती घेतली आणि दोन दशके तुटपुंज्या पगारावर चालवली. केंब्रिज आणि येल इथे शिकलेल्या महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या सोबतीने १९९० मध्ये मानव विकास अहवाल सुरू केला. देशाची प्रगती नुसत्या उत्पन्नावर न मोजता आयुर्मान आणि शिक्षणही मोजायचे, हे जगाने त्या अहवालातून शिकले. आपल्या मराठी मुलखात धनंजयराव गाडगीळ यांनी केंब्रिजहून येऊन पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी केली. त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ हार्वर्डहून परतले आणि पुढे २०११ च्या अहवालात त्यांनी सह्याद्रीचा कोणता भाग किती नाजूक आहे ते सांगितले. तो अहवाल तेव्हा कुणालाच नको होता. तळियेनंतर सगळ्यांना आठवला.

परदेशातली पदवी माणसाला आपोआप चांगला करत नाही. तिथेच राहून मोठ्या पगारावर गरिबीवर अहवाल लिहिणारेही पुष्कळ आहेत. आंबेडकरांची पदवी महाडला आली, म्हणून आज तिचा इतिहास सांगता येतो. १९२७ च्या डिसेंबरात फत्तेखानांच्या जागेवर बोलताना त्यांनी त्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. समोर बसलेल्या बहुतेकांनी फ्रान्सचे नाव ऐकले नसेल. पण जगात आपल्यासारखे लोक याआधी उठले आहेत, हे त्यांना त्या दिवशी समजले. दूरच्या शिक्षणाचे हे काम आहे.

ईदनंतर मी त्यांच्या घरी गेलो. मुलीने चहा आणला आणि मला विचारले, "चाचा, प्रबंधाचा विषय कुठला घेऊ? सगळे म्हणतात परदेशातला घे, नाव होतं."

मी म्हटले, "सावित्री घे. उगमापासून बाणकोटपर्यंत. कुठे किती पाणी, कोण वापरतं, कोण घाण करतं, कुणाच्या कागदावर काय लिहिलंय."

तिचे वडील गप्प बसले होते. मग म्हणाले, "पाइपलाइन जिथे खाडीला लागते तिकडे जायचं असेल तर मी येईन तिच्याबरोबर. रस्ता खराब आहे."

फीचे अजून जमलेले नाही. जमातीच्या पुढच्या बैठकीत विषय ठेवला आहे. मी जाणार आहे, आणि चाळीस रुपयांच्या पाण्याची गोष्ट तिथे सांगणार आहे.